एका कान्याची साखर

आई, आज सकाळी लाल बरबटी शिजत घातली आणि घरभर तिचा वास पसरला तशी तू आठवलीस, असं लिहिलं तर तू लगेच म्हणशील, "काहून वं, बरबटी नसती शिजवली त आलीच नसती का माही आठवण?" म्हणून सरळच सांगते. आठवण रोज येते, बरबटी आज शिजवली. दोन्हींचा संबंध नाही असं मात्र म्हणता येणार नाही, कारण कुकर उघडून मी पहिलं पाणी ओतून दिलं, आणि हात पुढं करून तू म्हणालीस, "थांब, सगळंच काहून फेकून राहिली?" आता या घरात मी एकटी उभी होते, तरी मी थांबले. तुझ्या आवाजाची ही खोड अजून गेलेली नाही.

मी निवृत्त झाले, आई. पण आहारतज्ज्ञ बाई निवृत्त झाली तरी तिचं तोंड निवृत्त होत नाही. महिला मंडळं बोलावतात, शाल नको म्हटलं तरी देतात, आणि भाषण संपलं की कोणीतरी उठून विचारतंच, "मॅडम, शुगरवाल्यांना चालेल असं एखादं गोड सांगा ना." मग मी त्यांना आपल्या जपानी वडीची गोष्ट सांगते. कशी एक जपानी भिक्खुणी आपल्या विहारात राहायला आली, तिनं बरबटीची, म्हणजे चवळीची, गोड वडी शिकवली, तिच्या मोडक्यातोडक्या बोलण्यात मीठ आणि मीठा यांचा कसा घोळ झाला, आणि माझ्या आईनं ऐकण्यात कशी चूक केली. बाया पोट धरून हसतात. नागपुरात अर्धं आयुष्य मराठीत आणि अर्धं हिंदीत जातं, त्यामुळं हा घोळ प्रत्येकीला आपल्याच घरातला वाटतो. पण ती गोष्ट मी सांगते तशी नव्हती, हे तुला ठाऊक आहे आणि मला ठाऊक आहे. बाबांनाही बहुतेक ठाऊक होतं. तुझ्यापुढं तरी पूर्ण सांगायला हरकत नाही.

सक्करदऱ्याच्या तलावाकडं जाताना जी कार्पोरेशनची शाळा लागायची, तिथं तू पहिलीला शिकवायचीस, आणि शाळेच्या मागच्या गल्लीत आपलं घर. मी तुझ्याच वर्गात होते. शाळेच्या फाटकापासून तुला 'बाई' म्हणायचं आणि घराच्या उंबऱ्यापासून 'आई', असा तुझा कायदा. एकदा वर्गात माझ्या तोंडून 'आई' निघालं, तर तू फळ्याकडं तोंड ठेवूनच म्हणालीस, "कोणाची आई आली आहे? आत बोलवा त्यांना." सगळा वर्ग हसला आणि मी दिवसभर तुझ्याशी बोलले नाही. शुद्धलेखनात तर तू कोणाला सोडत नव्हतीस. काना राहिला की पाटी उचलून सगळ्यांना दाखवायचीस. "काना कोणी खाल्ला? घरून जेवून आला नाहीस का रे?" शाळेत तुझी भाषा पुस्तकी, फाटक ओलांडलं की पुन्हा आपली. आणि शिकवताना तू कधी खुर्चीवर बसली नाहीस. खुर्ची तुझ्या टेबलामागं नुसती उभी असायची आणि तू बाकांमधून फिरत असायचीस. मुलाच्या मागं उभं राहिल्याशिवाय त्याचा हात कळत नाही, असं तुझं म्हणणं.

म्हणून तुझ्या पायाचं जे झालं ते सगळ्या घराला लागलं. दसऱ्याला दीक्षाभूमीवर खेड्यापाड्यांतून माणसं यायची, आणि आपल्या मोहल्ल्यातल्या बाया त्यांना भाजी-पोळी वाढायच्या. त्या वर्षी तू नवी चप्पल घालून पहाटेपासून उभी होतीस. संध्याकाळी पायाच्या बोटाला फोड. तो फुटला, चिघळला, थंडी पडायला लागली तरी भरेना. डॉक्टरांनी लघवी तपासायला सांगितली तेव्हा कळलं की तुला शुगर आहे. डॉक्टर समजुतीनं बोलले, पण जे बोलले ते स्पष्ट होतं. साखर उतरली नाही तर बोट काढावं लागेल, आणि बोटावर भागलं नाही तर पाऊल. रिक्षात बसल्यावर तू बाबांवरच चिडलीस. "पाऊल काढतो म्हनते! मंग मी काय खुर्चीत बसून शिकवू?" बाबा सदरला एका ऑफिसात कारकून होते, चिडलेल्या माणसापुढं गप्प बसायची त्यांना सवय होती. तू घाबरली होतीस. तुझा आवाज चढला की तू घाबरलेली असायचीस, हे मला तेव्हाही कळायचं.

मी गृहविज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला होते. अर्धवट शिकलेल्या माणसात जो जोर असतो तो माझ्यात पुरेपूर होता. मी साखरेचा डबा माझ्या ट्रंकेत ठेवून कुलूप लावलं. गूळ शेजारी देऊन टाकला. बाबांचा चहासुद्धा बिनसाखरेचा केला, आणि बिचारे तो औषधासारखा एका दमात प्यायचे. माझ्यावरही नियम घालून घेतला, की तुझी जखम भरेपर्यंत मी गोडाला शिवणार नाही. जिभेच्या टोकाला लावूनही बघणार नाही. तू म्हणालीस, "तुले काय झालं वं? तुहे पाय त चांगले हायेत." पण तुला बरं वाटलं होतं. रोज सकाळी मी परीक्षानळीत निळं औषध घ्यायचे, त्यात तुझ्या लघवीचे थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचे. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, मग पिवळं, मग नारिंगी, आणि विटकरी झालं म्हणजे हद्द झाली. बाबा दाढी करता करता आतून विचारायचे, "आज कोणता रंग निघाला वं?" महिनाभरात तुला मी हिरव्यावर आणून ठेवलं होतं. माझी मान केवढी ताठ झाली होती, काय सांगू.

आणि तेवढ्यात विहारात जपानी अम्मा आली. अम्मा आपल्या मोहल्ल्यानं म्हणायचं ठरवलं. तिचं खरं नाव कोणालाच नीट म्हणता येत नव्हतं. ठेंगणी, डोकं मुंडन केलेलं, सारनाथकडं राहून थोडी हिंदी शिकलेली. मराठी शिकायची म्हणाली, तर लोकांनी तिला पहिलीच्या बाईंकडं पाठवलं. तू शाळा सुटल्यावर लंगडत विहारात जायचीस आणि मागच्या खोलीतल्या फळ्यावर तिला 'घर', 'कप', 'मका' शिकवायचीस. साठीच्या बाईला तू पाटी पालथी करून उभं करायचीस, असं लोक सांगायचे. मला खरं वाटायचं. पहिल्याच आठवड्यात तिनं तुला गुरुदक्षिणा म्हणून पिशवीच्या तळातून एक पुडी काढून दिली. बांबूच्या पानात बांधलेली, काळपट लाल, साबणाच्या वडीएवढी. तिच्या देशातलं गोड. योकान म्हणतात. तू घरी आलीस ती चेहरा उजळूनच. स्वयंपाकघरात सुरीनं पातळ काप कापलास, तोंडात टाकलास आणि डोळे मिटून उभी राहिलीस. "अवं, हे त पुरणच हाय! बरबटीचं पुरण! फक्त पोळी नाही."

मी पुडी काढून घ्यायला गेले, तर तू हात मागं केलास आणि आपली ती लढाई सुरू झाली. "तूच म्हनते ना, दाळ खाय, दाळ खाय? मंग हे काय हाय? दाळच हाय. उकडून, वाटून, थापून ठेवली एवढंच." मी म्हणाले, त्यात काय काय पडलंय ते कळल्याशिवाय तू खायचं नाहीस. तू म्हणालीस, "विचारून येतो." दुसऱ्या दिवशी खरंच विचारून आलीस. आपल्या स्वयंपाकघराच्या एका भिंतीला तू शिकवणीच्या मुलांसाठी काळा रंग दिला होतास, त्या भिंतीपुढं मी खडू घेऊन उभी राहिले आणि तू पाटावर बसून सांगायला लागलीस. लाल बरबटीसारखं त्यांचं कडधान्य. समुद्रातल्या शेवाळाची एक वस्तू, ती म्हणजे आपली चायना ग्रास, सदरला मिळते, फालुद्यात घालतात. तूप नाही, तेल नाही, खवा नाही. "आन साखर?" मी विचारलं. तू पदरानं तोंड पुसलंस आणि म्हणालीस, "ती म्हने, मीठा थोडा." थोडा म्हणजे किती? "थोडा म्हंजे थोडा. जपानी मानसं गोड कमीच खातेत म्हने."

मी भिंतीवर हिशोब मांडला. आमच्या तक्त्यात बरबटी होती. भरपूर प्रथिनं, चांगलं लोह, सालीत चोथा. चायना ग्रासमध्ये अंगी लागण्यासारखं जवळपास काहीच नसतं, ती नुसती पाणी धरून ठेवते आणि पोट साफ ठेवते. स्निग्ध पदार्थ नाहीच म्हटलं तरी चालेल. साखरेसमोर मी 'थोडी' म्हणून चमचाभर धरली. बेरीज केली आणि मीच थक्क झाले. पेढा, बर्फी, पुरणपोळी यांच्याशेजारी ठेवली तर ही वडी औषधच वाटत होती. कॉलेजात 'घरातल्या एका पदार्थाचं पोषणमूल्य काढा' असं काम दिलेलं होतं, तिथं मी हीच वडी मांडली आणि वर्गात वाचून दाखवली. घरी येऊन तुला परवानगी दिली, रोज एक तुकडा. तेव्हा तू माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडलीस, जणू मी तुला पेन्शन मंजूर केली होती.

अम्मानं आणलेली पुडी लगेच संपली. मग तुम्ही दोघी विहाराच्या स्वयंपाकघरात ती करायला लागलात. तू इथून बरबटी आणि आपलं पुरणयंत्र घेऊन जायचीस आणि येताना जेवणाच्या डब्यात थापलेली, थंड झालेली वडी आणायचीस. मी एकदाही चाखली नाही. चाखली असती तर एका घासात सगळं उघडं पडलं असतं. पण माझा नियम होता आणि माझा तक्त्यावर विश्वास होता. बाबांना विचारलं, कशी लागते? बाबा चावत होते. गिळून झाल्यावर म्हणाले, "मले त्यातलं समजत नाही." आणि दुसरा तुकडा उचलला. आज त्यांचा तो चेहरा आठवला की मला हसू येतं, पण तेव्हा मी म्हणाले, बघा, बाबांनासुद्धा आवडली, म्हणजे कमी गोडाची सवय होते माणसाला.

मग परीक्षानळी पिवळी झाली. मग नारिंगी. मी तुझा भात बंद केला. तरी नारिंगी. शाळेतल्या पोरांच्या वाढदिवसाच्या चॉकलेटवर संशय घेतला, केळं बंद केलं, बाबांच्या खिशात रेवड्या सापडतात का म्हणून शर्ट झटकून पाहिला. बाबा हात वर करून उभे राहिले. एकेक गोष्ट बंद करत गेले आणि तू भुकेली राहायला नको म्हणून वडीचा तुकडा मोठा करत गेले! वाटलं, निदान एवढं तरी हिला निर्धास्त खाता येतं. एका सकाळी नळी विटकरी झाली. मी ती खिडकीच्या उजेडात धरून पाहिली, आणि आतून बाबांनी रंग विचारला तेव्हा नळीच त्यांच्यापुढं नेऊन धरली. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी जखम दाबून पाहिली आणि म्हणाले, अजून आठ दिवस बघतो, नाहीतर बोट काढू. येताना रिक्षात तू पट्टीवरून पायाची बोटं चाचपत बसलीस. तू चिडली नाहीस म्हणून मला जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून मी तडक विहारात गेले. डोक्यात काय होतं सांगू? अम्माला म्हणायचं होतं, माझ्या आईला फक्त तुमची वडी मानवते, जरा जास्त करत जा. मागच्या खोलीत अम्मा शेगडीपुढं बसून गंजातलं लाल पीठ डावानं हलवत होती. मला पाहून हसली, उठून अर्धी वाकली, पुन्हा बसली. आणि मग शेजारची परात उचलून त्यातली साखर तिनं गंजात ओतली. मी पाहत राहिले. ओततेय, ओततेय, थांबायचं नाव नाही. मी हिंदीत म्हणाले, अम्मा, ये क्या, इतनी? ती तिला येत होत्या त्या शब्दांत समजावून सांगायला लागली. "बरबटी एक वाटी. साखर एक वाटी. कभी जास्त. नही तो बांधत नाही, टिकत नाही." मग चिमूट दाखवली. "और मीठ. मीठ थोडा. मीठ थोडा तो गोड बहुत वाटते."

मीठ थोडा. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि हसूच आलं. बिचारी आई! हिनं मीठ म्हटलं आणि आईनं मीठा ऐकलं! एक काना जास्त ऐकला आणि एवढा घोळ. माझा रागही गेला. तेवढ्यात नजर फळ्यावर गेली. तुझ्या हातचं वळणदार अक्षर, आणि त्याखाली अम्माचं जपून काढलेलं, प्रत्येक काना रेघेला टेकवलेला. 'मीठ पांढरे असते. साखर पांढरी असते. मीठ खारट असते. साखर गोड असते.' पुसट झालेलं, म्हणजे जुना धडा. हा शब्द तिला तूच शिकवला होतास. ज्या बाईनं आयुष्यभर पोरांच्या पाट्यांवर कोणी खाल्लेला काना शोधला, ती एक जादा काना ऐकेल? आणि तू दारात आलीस. हातात नळावर धुऊन आणलेलं पुरणयंत्र. माझ्याकडं पाहिलंस, गंजाकडं पाहिलंस, फळ्याकडं पाहिलंस.

"काय पाहून राहिली वं अशी?" म्हणालीस. मी ओरडले. विहारात ओरडू नये हे कळत असूनही ओरडले. "बोट काढणार आहेत तुझं! पाऊल काढतील उद्या! आणि तू मला भिंतीवर हिशोब करायला लावलास!" तू पुरणयंत्र खाली ठेवलंस आणि भिंतीला टेकून, दुखरा पाय पुढं पसरून जमिनीवर बसलीस. "मी बरोबरच ऐकलं होतं," म्हणालीस. मग आपल्या घरच्या बोलीत, अगदी हळू, "लहानपनी आमाले गोड कसं भेटे, मालूम हाय का तुले? लग्न कोनाच्याबी घरी असो, मांडव उठला का वरून टाकत. हातावर हात टेकू नये म्हनून वरून. झेललं त झेललं, नाही त मातीत. ह्या बाईनं मले दोन्ही हातानं देल्लं. वाकून देल्लं. म्या घेतलं आन मले नाही म्हनता आलं नाही. रोज वाटे, उद्या सांगतो तुले. पन उद्या तू ते बंद करशीन." रडली नाहीस. मी रडले. रागावून आले होते आणि रडत बसले, कारण तुझ्यावर राग धरायला मला जागाच उरली नाही.

अम्माला सगळे शब्द कळले नव्हते. मी हिंदीत सांगितलं, हिला साखरेचा आजार आहे, पाय जायची वेळ आली आहे. तिनं डाव ठेवला, शेगडीपासून दूर झाली, गुडघे टेकले आणि तुझ्यापुढं कपाळ जमिनीला लागेपर्यंत वाकली. तशीच राहिली. तुझी जी धांदल उडाली! "अवं अम्मा, उठा! असं नाका करू! माही चूक हाय वं माय, तुमची नाही!" दुखरा पाय विसरून तू तिला खांद्याला धरून उठवायला लागलीस. मला आजही वाटतं, डॉक्टरनं जे केलं नाही, माझ्या तक्त्यानं जे केलं नाही, ते त्या वाकण्यानं केलं. एका बाईनं तुझ्यामुळं जमिनीला कपाळ लावलं हे तुला सोसलं नाही. त्या दिवसापासून तू मला न विचारता काही खाल्लं नाहीस. घरी येताना एवढंच म्हणालीस, "हे कोनाले सांगू नको वं, शाळेत हसतीन."

ती साखरेची वडी मोहल्ल्यातल्या पोरांनी संपवली. मग मी भिंत पुसली आणि हिशोब पुन्हा मांडला, या वेळी स्वतः मोजून, स्वतः पाहून. खरी जपानी वडी म्हणजे काय, तर निम्म्याहून जास्त साखर. बरबटी शिजताना पाणी पिऊन फुगते, म्हणून तुकड्यात ती भरपूर दिसते आणि असते थोडी. साखर विरघळते, दिसत नाही आणि असते सगळ्यात जास्त. प्रथिनं नावाला. तूप नाही हे खरं, पण तूप नाही एवढ्यानं माणूस फसतो. आणि चोथा? तो सगळा सालीत, आणि साली तुझ्या पुरणयंत्राच्या वरच राहत होत्या! आता आम्ही साली आतच ठेवल्या, साखर पाव हिश्शावर आणली, चायना ग्रास थोडी वाढवली, आणि मीठ मात्र अम्मा म्हणाली तसं. मिठाची चिमूट पडली की थोडी साखरही जिभेला जास्त वाटते, हे खरंच आहे. रविवारी एक पातळ काप, त्या जेवणात भात नाही, वर काटोलच्या आंबटगोड संत्र्याच्या फोडी, म्हणजे बरबटीतलं लोह अंगी लागतं, आणि चहा तासाभरानं. सगळं ठरलेलं. तो काप अम्मा विहारातून स्वतः घेऊन यायची आणि तुला दोन्ही हातांनी द्यायची. तू दोन्ही हातांनी घ्यायचीस. एवढासा काप, चार माणसांचं लक्ष.

नळी पिवळी झाली, हिरवी झाली, आणि एकदा तर निळीच राहिली. बाबा दाढीचा फेस तसाच ठेवून बघायला आले. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, पट्टी बदलली, आठ दिवसांचे पंधरा केले, आणि उन्हाळा लागायच्या आत जखम भरली. बोट राहिलं. त्या दिवशी मी पहिल्यांदा तो काप तोंडात टाकला. पुरणच. बरबटीचं, जरा रुक्ष, आणि गिळता गिळता मागून येणारं मीठ. इतकं साधं लागलं की मी म्हणाले, यासाठी पाय द्यायला निघाली होतीस? तू म्हणालीस, "आधीची खाल्ली असती त समजलं असतं तुले." बाबांनी मान डोलावली. उन्हाळ्यात अम्मा निघून गेली. पुढच्या दसऱ्याला तू जुनी चप्पल घालून दीक्षाभूमीवर पोळ्या वाढत उभी होतीस, आणि प्रत्येकाला दोन्ही हातांनी वाढत होतीस. त्यामुळं रांग हळू सरकायची आणि मागचे लोक कुरकुर करायचे.

पुढं तू कितीतरी वर्षं शिकवलंस, खुर्चीवर न बसता. गेलीस तेव्हा दोन्ही पाय, सगळी बोटं घेऊन गेलीस. मला याचा गर्व आहे, आणि तो मी लपवत नाही. मी नोकरीत असताना पेशंटच्या हातात आहाराचा कागद दोन्ही हातांनी दिला, कायम. शिकाऊ मुली हसायच्या, मग त्याही तसं करायला लागल्या. तुझं खोटं मात्र मी कोणाला सांगितलं नाही. 'शाळेत हसतीन' म्हणाली होतीस ना? म्हणून भाषणात मी आजही सांगते, आईनं चुकून 'मीठ'चं 'मीठा' ऐकलं. पहिलीच्या बाईंच्या कानात दोष काढते, पण बाईंच्या नियतीत काढत नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. टाकायला पेटी आहे, पण तुझ्या पत्त्याला पोस्टमन नाही. पण एक सांगायचं राहिलं. मलाही शुगर निघाली, आई. गेल्या पावसाळ्यात. घाबरू नकोस, मला यातलं सगळं समजतं. पण तुझी नात समजूतदारपणाच्या बाबतीत थेट माझ्यावर गेली आहे. साखरेचा डबा तिनं स्वतःच्या घरी नेऊन ठेवला, बोटाला टोचून रक्त बघायचं यंत्र आणून दिलं, आणि रोज फोनवर आकडा विचारते. आज दुपारी आली तर ओट्यावर वडी थापलेली. साली गाळलेली, अम्माच्या मूळ पद्धतीची, शेजारून साखर मागून आणून केलेली. वर्षातून एकदा, तुझ्या नावानं. तिनं वास घेतला, माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "आई, यात साखर किती घातलीस?"

मी पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "मीठा थोडा." आणि आई, काना मी अगदी स्पष्ट उच्चारला.